‘हरकती व सूचना’ : नगररचनेच्या कायद्यात वस्तीच्या मताचे स्थान

महाराष्ट्रातील एखाद्या शहराच्या विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला, की त्याच्याबरोबर राजपत्रात, वर्तमानपत्रांतील जाहिरातींत आणि पालिकेच्या सूचनाफलकावर ‘हरकती व सूचना’ हा शब्दसमूह अवतरतो. तो इतका अंगवळणी पडला आहे, की त्याकडे चिकित्सक दृष्टीने क्वचितच कोणी पाहतो. लोकांना विचारले गेले, त्यांनी हरकती दिल्या, सुनावणी झाली, म्हणजे नियोजन लोकसंमत झाले, अशी समजूत शासनात, पालिकेत आणि बऱ्याच अंशी अभ्यासकांतही रूढ झालेली दिसते. वस्तुतः हा शब्दसमूह नागरिकाला एका विशिष्ट आणि अत्यंत मर्यादित नात्यानेच ओळखतो. हरकत घेणारा मनुष्य हा दुसऱ्याने केलेल्या कृतीस आडवा येणारा मनुष्य होय. योजना आधीच कोणीतरी केलेली असते. हा मागाहून येतो, एकटा येतो, आणि लेखी अर्ज घेऊन येतो. वस्ती या नात्याने, म्हणजे एकत्र राहणाऱ्या, एक रस्ता, एक मैदान व एक शाळा वापरणाऱ्या लोकांचा समुदाय या नात्याने, तो कायद्याच्या दृष्टीस पडत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याची कार्यपद्धती थोडक्यात अशी आहे. नियोजन प्राधिकरणाने, म्हणजे बहुतांशी महानगरपालिकेने अथवा नगरपालिकेने, योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करावयाचा. विद्यमान भूवापराचा नकाशा करावयाचा. त्यावरून प्रारूप योजना आखावयाची आणि कलम २६ अन्वये ती प्रसिद्ध करून ठराविक मुदतीत हरकती व सूचना मागवावयाच्या. कलम २८ प्रमाणे त्यांचा विचार करण्यासाठी नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सभासद असतात आणि शासनाच्या बाजूने नेमलेले चारपर्यंत जाणकार असतात. समिती सुनावणी घेते, अहवाल देते. मग योजना सुधारून शासनाकडे जाते आणि कलम ३१ अन्वये शासन ती फेरबदलांसह वा फेरबदलांवाचून मंजूर करते. फेरबदल भरीव स्वरूपाचे असतील तर तेवढा भाग वगळून त्यावर पुन्हा हरकती मागविल्या जातात.

या पद्धतीत नागरिकास वाव नाही असे म्हणता येणार नाही. कोणत्याही व्यक्तीस हरकत घेता येते. ती जमिनीची मालक असली पाहिजे अशी अट नाही. ही गोष्ट लहान नव्हे, आणि तिचे मोल मागील इतिहास पाहिल्यावर ध्यानात येते. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली जो सुधार न्यास स्थापन झाला, त्याच्या कायद्यात ज्यांचे ऐकून घ्यावयाचे ते मुख्यतः जमीनधारक होते, आणि ऐकावयाचे तेही प्रामुख्याने भरपाईच्या संदर्भात. पाडलेल्या चाळींत भाड्याने राहणारा गिरणी कामगार त्या कायद्याच्या लेखी केवळ हलवावयाचा मनुष्य होता. १९१५ चा मुंबई नगररचना अधिनियम हा हिंदुस्थानातील अशा प्रकारचा पहिला कायदा. त्याने भूखंडांची पुनर्रचना करणाऱ्या नगररचना परियोजनांची पद्धत आणली आणि लवादापुढे मालकांचे म्हणणे ऐकण्याची सोय केली. १९५४ च्या कायद्याने संपूर्ण शहराच्या विकास योजनेची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आणि १९६६ च्या कायद्याने तिला आजचे रूप दिले. भरपाई मागणाऱ्या मालकापासून हरकत घेणाऱ्या कोणत्याही व्यक्तीपर्यंत येण्यास कायद्याला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. तथापि ‘कोणतीही व्यक्ती’ ही शेवटी व्यक्तीच राहिली. मालकास दिलेली प्रक्रिया सर्वांस खुली झाली. प्रक्रियेची घडण मात्र मालकाच्या गरजेप्रमाणेच राहिली. स्वतःच्या भूखंडावर पडलेले आरक्षण उठविण्यासाठी ती सोयीची आहे. एखाद्या वस्तीस दहा वर्षांनी कोणत्या रूपात राहावयाचे आहे हे सांगण्यासाठी ती सोयीची नाही.

या घडणीचा परिणाम कसा होतो याचे सर्वांत बोलके उदाहरण अपयशाचे नसून यशाचे आहे. १९६४ साली मुंबई महानगरपालिकेने आपल्या विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या सूचना मागविल्या, तेव्हा चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी एक पर्यायी कल्पना मांडली. मुंबईची वाढ उत्तरेकडे उपनगरांत लांबवीत न्यावयाची नाही. खाडीच्या पलीकडे, मुख्य भूमीवर, नवे शहर वसवावयाचे. ही मांडणी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. शासनाने पुढे ती स्वीकारली आणि १९७० साली सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईचे काम सुरू झाले. मसुद्यावर मागविलेल्या सूचनांमधून इतके मोठे फळ निघाल्याचे दुसरे उदाहरण भारताच्या नगररचनेच्या इतिहासात शोधूनही सापडणे कठीण आहे.

येथे एक प्रश्न विचारणे अवश्य आहे. ही सूचना ऐकली का गेली? ती विचारपूर्ण होती, धाडसी होती, हे खरे. पण ती नकाशाच्या भाषेत मांडलेली होती हेही खरे. दोन वास्तुशास्त्रज्ञ आणि एक अभियंता यांना नियोजकाशी त्याच्याच परिभाषेत बोलता येत होते. आणि ज्या भूमीवर नवे शहर उभे राहावयाचे होते तिच्यावरील माणसे कोठे होती? ठाणे, पनवेल व उरण या परिसरांतील पंचाण्णव गावांची जमीन या शहराच्या हद्दीत आली. आगरी व कोळी शेतकऱ्यांची ती भातशेती होती, मिठागरे होती, खाडीवरील मासेमारी होती. मुंबई महानगरपालिकेच्या योजनेवर हरकती मागविल्या गेल्या तेव्हा हे लोक मुंबईचे नागरिकही नव्हते. जी सूचना त्यांच्या गावांचे भवितव्य ठरविणार होती, तिच्यावर त्यांनी हरकत घ्यावयाची ती कोणाकडे? पुढे संपादनाच्या वेळी त्यांना जे ऐकविले गेले ते पुन्हा भरपाईच्या भाषेत. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर जासई व दास्तान परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के जमीन मूळ शेतकऱ्यांस परत देण्याची योजना या संघर्षातून आली. म्हणजे तीन तज्ज्ञांची सूचना वीस वर्षे आधी कागदावर ऐकली गेली आणि पंचाण्णव गावांची हरकत वीस वर्षांनी रस्त्यावर ऐकावी लागली. यात त्या तिघांकडे दोष जात नाही. कोणास ‘स्थानिक’ म्हणावयाचे आणि त्याचे मत कोणत्या संस्थेमार्फत नियोजनापर्यंत पोचवावयाचे, या प्रश्नास कायद्यात उत्तरच नव्हते.

हे उत्तर देण्याची संधी चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने दिली होती. १९९२ साली संमत झालेली आणि १ जून १९९३ पासून अमलात आलेली ही दुरुस्ती नागरी स्वराज्याच्या दृष्टीने युगप्रवर्तक मानली जाते. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील पहिलीच नोंद नगररचनेसह नागरी नियोजनाची आहे. अनुच्छेद २४३-ध अन्वये तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या पालिकांत प्रभाग समित्या आवश्यक ठरविल्या गेल्या. या दोन तरतुदी शेजारी ठेवून वाचल्या तर सरळ निष्कर्ष असा निघतो, की नियोजनाचा विषय पालिकेचा आणि पालिकेचे स्थानिक अंग प्रभाग समिती. अर्थात प्रभागाच्या नियोजनात प्रभाग समितीचा काही वाटा असला पाहिजे. परंतु घटनेने प्रभाग समितीचे अधिकार राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर सोडले आणि विधिमंडळाने दोन कायदे एकमेकांस भेटू दिले नाहीत. मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यात प्रभाग समितीकडे तक्रारींचे निवारण, प्रभागाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकाबाबत शिफारशी आणि ठराविक मर्यादेपर्यंतच्या कामांस मंजुरी अशी कामे आली. पाणी, गटार, दिवाबत्ती, कचरा हे तिचे जग. नगररचना अधिनियमात तिचा मागमूस नाही. त्या अधिनियमास नियोजन प्राधिकरण माहीत आहे, संचालक माहीत आहे, लवाद माहीत आहे, शासन तर पदोपदी माहीत आहे. १९९३ नंतर त्यात अनेक दुरुस्त्या झाल्या, पण प्रभाग समिती हा शब्द योजनेच्या प्रक्रियेत शिरला नाही. गटार तुंबल्याचे समितीने सांगावे. गटार ज्या रस्त्याखालून जाते तो रस्ता साठ फुटांचा करावयाचा की नाही हे तिने विचारू नये, अशी ही वाटणी आहे.

प्रभाग समितीस स्थानिक म्हणावे की काय, हाही वादाचा मुद्दा आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख आणि प्रशासकीय प्रभाग चोवीस. सरासरीने एका प्रभागात पाच लाखांहून अधिक माणसे येतात. महाराष्ट्रातील कित्येक शहरांची एकूण वस्ती याहून कमी आहे. जे एका शहराएवढे आहे त्यास वस्ती म्हणणे हा शब्दाचा विपर्यास होय. या समितीत त्या क्षेत्रातील नगरसेवक असतात, आणि स्वयंसेवी संस्थांच्या तीनपर्यंत नामनिर्देशित प्रतिनिधींची सोय आहे. परंतु नामनिर्देशनाची दोरी नगरसेवकांच्याच हाती असल्याने त्या प्रतिनिधींचे स्वातंत्र्य किती, हे सांगण्याची गरज नाही. मतदान केंद्रांच्या पातळीवर क्षेत्र सभा भरविण्याची तरतूद २००९ साली राज्याच्या कायद्यात आली. केंद्राच्या नागरी पुनरुत्थान अभियानाचा निधी मिळण्यासाठी जी अटींची यादी होती, तिच्यातील ती एक अट होती. निधीसाठी केलेला कायदा निधी मिळाल्यावर विस्मरणात जातो. क्षेत्र सभाही तशीच कागदावर राहिली.

अशा स्थितीत मुंबईच्या २०१४ ते २०३४ या कालखंडाच्या विकास योजनेचे काम सुरू झाले. या प्रकरणाचा तपशील अभ्यासकांनी बारकाईने पाहावा असा आहे, कारण वस्तीचे मत नियोजनात कोठे उपयोगी पडते आणि कोठे वाया जाते, हे त्यात एकाच वेळी दिसते. प्रारूपापूर्वी विद्यमान भूवापराचे नकाशे प्रसिद्ध झाले तेव्हा नागरिकांच्या गटांनी त्यांतील चुका दाखविण्यास आरंभ केला. शाळा होती तेथे शाळा दाखविलेली नव्हती, मोकळी जागा भलत्याच वापराची झाली होती, गावठाणे व कोळीवाडे यांच्या सीमा नीट उतरल्या नव्हत्या, आणि झोपडपट्ट्या तर एकरंगी ठिपक्यांसारख्या पसरल्या होत्या. त्यांच्या आतील बालवाडी, दवाखाना, दुकान, कारखाना यांचा पत्ता नव्हता. या शहराची सुमारे निम्मी लोकसंख्या ज्या वस्त्यांत राहते, त्यांचा नकाशा कोरा राहावा हे केवळ तांत्रिक प्रमादाचे लक्षण नव्हे. पालिकेने पुढे प्रभागनिहाय विचारविनिमयाच्या बैठकाही घेतल्या. त्यासाठी नागरी संघटनांना आग्रह धरावा लागला, हे सांगून पालिकेचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही. बैठका झाल्या ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु त्या बैठकांना कायद्यात आधार नव्हता. तेथे बोललेले शब्द योजनाकारांवर बंधनकारक नव्हते, किंबहुना त्यांचे उत्तर देणेही बंधनकारक नव्हते.

फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप योजना प्रसिद्ध झाली आणि साठ दिवसांत साठ हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या. घरांवरून आणि प्रार्थनास्थळांवरून गेलेले रस्ते, वारसा वास्तूंच्या नोंदींतील घोटाळे, चुकीच्या जागी पडलेली आरक्षणे, असे त्यांचे स्वरूप होते. मुदत संपण्यापूर्वीच, एप्रिल २०१५ मध्ये, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी प्रारूप बाजूस ठेवून ते दुरुस्त करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले. पुन्हा हरकती, पुन्हा सुनावण्या. २०१७ साली पालिकेच्या सभागृहाने अनेक उपसूचनांसह त्यास मान्यता दिली. २०१८ साली शासनाची मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून योजना अमलात आली. वीस वर्षांच्या योजनेतील पहिली चार वर्षे योजना नसतानाच निघून गेली.

२०१५ च्या घटनेस लोकमताचा विजय म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती अर्धीच खरी आहे. साठ हजार हरकतींच्या भाराने प्रारूप कोसळले. परंतु ते कोसळण्याचा निर्णय कलम २८ च्या नियोजन समितीने सुनावणी घेऊन केला नाही, पालिकेच्या सभागृहाने चर्चा करून केला नाही आणि कोणत्याही प्रभाग समितीने ठराव करून केला नाही. तो मंत्रालयातून झाला. लोकांचा आवाज पोचला तो कायद्याने आखलेल्या वाटेने नव्हे, तर वर्तमानपत्रे व राजकीय गैरसोय यांच्या वाटेने. ज्या हरकतींमागे एवढा गलबला नसतो, त्यांची गत काय होते, हा प्रश्न यातून उरतोच. शिवाय साठ हजार हरकती म्हणजे साठ हजार मते नव्हेत. त्यांतील पुष्कळशा एकाच मजकुराच्या छापील प्रतींवर केलेल्या सह्या असतात. दहा हजार लोकांनी एकच गोष्ट सांगितली तर समितीपुढे ती दहा हजार अर्जांच्या रूपाने येते, दहा हजार लोकांच्या एका ठरावाच्या रूपाने येत नाही. पुण्यातही २०१३ च्या जुन्या हद्दीच्या प्रारूपावर हजारो हरकती आल्या आणि २०१५ साली शासनाने ती योजना पालिकेकडून काढून स्वतःकडे घेतली. एवढ्या अर्जांची सुनावणी ही मिनिटांच्या हिशेबाने करावी लागते. जेथे एक संघटित मत हवे तेथे कायदा विखुरलेले अर्ज निर्माण करतो, आणि मग अर्ज फार आले म्हणून प्रक्रिया लांबली अशी तक्रारही होते.

या सर्व प्रकरणात वस्तीचे मत सर्वाधिक मोलाचे ठरले ते हरकतीच्या टप्प्यावर नव्हे, तर पाहणीच्या टप्प्यावर. आपल्या गल्लीत काय आहे हे वस्तीस उपग्रहापेक्षा अधिक चांगले ठाऊक होते. हा विचार नवा नाही, आणि मुंबईस तर तो परका मुळीच नाही. एडिंबरोचे पॅट्रिक गेडिस १९१४ च्या अखेरीस हिंदुस्थानात आले आणि त्यांनी येथील अनेक नगरांचे अहवाल लिहिले. पाहणी आधी आणि योजना नंतर, हा त्यांचा आग्रह होता. जुन्या वस्तीतून सरळ रस्ते कापीत जाण्याच्या सुधार न्यासांच्या पद्धतीवर त्यांनी कडक टीका केली आणि शक्य तितके कमी पाडून, मोडक्या घराच्या जागी लहानसा चौक करून, वस्तीस मोकळी हवा देण्याची रीत पुरस्कारिली. होळकरांच्या इंदुरात प्लेगच्या काळात त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीलाच नगरस्वच्छतेच्या मोहिमेचे रूप दिले होते. १९१९ पासून १९२४ पर्यंत मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे होती. विद्यापीठीय समाजशास्त्राचा या शहरातील उगम अशा रीतीने नगराच्या पाहणीतच आहे. डॉ. गो. स. घुर्ये यांच्या काळात विभागाचे मुख्य लक्ष जाती, कुल व संस्कृती यांच्या अभ्यासाकडे वळले आणि त्यातून मोठे कार्य झाले. तथापि नगराची पाहणी हा विभागाचा पहिला धडा मागे पडला, हे नमूद करावयास हवे.

गेडिस यांच्या विचारातही एक उणीव आहे आणि त्यांचे भक्त ती सहसा सांगत नाहीत. त्यांचे यजमान संस्थानिक होते आणि गव्हर्नर होते. वस्तीत हिंडून, लोकांशी बोलून, त्यांच्या सोयी-गैरसोयी समजून घेणारा नियोजक त्यांना अभिप्रेत होता. म्हणजे वस्तीचे मत नियोजकाच्या सहृदयतेच्या द्वाराने येणार. नियोजक सहृदय नसेल तर काय, याचे संस्थात्मक उत्तर त्यांनी दिले नाही. २०१२-१३ च्या नकाशांनी हा प्रश्न शतकानंतर पुन्हा उभा केला.

गेडिस यांच्याच मायदेशी या प्रश्नास एक उत्तर दिले गेले आहे. स्कॉटलंडमध्ये १९७३ च्या स्थानिक शासन अधिनियमाने लोकवस्ती परिषदांची व्यवस्था केली. सुमारे पंचावन्न लाख लोकसंख्येच्या त्या देशात अशा सुमारे बाराशे परिषदा आहेत. म्हणजे एकीच्या वाट्यास सरासरीने चार-पाच हजार माणसे. त्यांना कर बसविण्याचा अधिकार नाही आणि योजना नाकारण्याचाही नाही. आपल्या वस्तीचे मत जाणून ते मांडणे हे त्यांचे काम. बांधकामाच्या अर्जांवर त्यांचा सल्ला घेणे मात्र नियोजन प्राधिकरणास कायद्याने आवश्यक आहे. २०१९ च्या नियोजन अधिनियमाने पुढचे पाऊल टाकले. लोकवस्ती परिषद वा तत्सम संस्था आपल्या परिसराची स्थानिक योजना स्वतः तयार करू शकते, ती प्राधिकरणाकडे नोंदविली जाते आणि विकास योजना करताना तिचा विचार करणे प्राधिकरणावर बंधनकारक असते. हरकत घेणारा येथे प्रस्ताव मांडणारा होतो. इंग्लंडने २०११ च्या कायद्याने याहून धीट मार्ग पत्करला. तेथे परिसराची योजना स्वतंत्र परीक्षकाच्या तपासणीनंतर स्थानिक मतदानास जाते आणि बहुमत मिळाल्यास अधिकृत विकास योजनेचाच भाग होते.

हे नमुने जसेच्या तसे उचलावे असे सुचविणे भाबडेपणाचे होईल. स्कॉटलंडमधील अनेक परिषदांच्या जागा निवडणुकीवाचूनच भरल्या जातात, कारण उमेदवारच पुरेसे नसतात. इंग्लंडमध्ये परिसर योजनांचा लाभ सुस्थितीतील ग्रामीण भागांनी अधिक घेतला. वेळ, शिक्षण आणि व्यावसायिक ओळखी ज्यांच्याकडे आहेत त्यांनाच योजना लिहिता येते. मुंबईतही १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पालिकेच्या सहकार्याने जी परिसर व्यवस्थापन मंडळे निघाली, ती प्रामुख्याने मध्यमवर्गीय इमारतींच्या परिसरात फुलली. त्यांच्या दृष्टीत फेरीवाला आणि झोपडीवासी हे बहुधा परिसराचे रहिवासी नसून परिसरावरील आपत्ती ठरले. वस्तीचे मत हे स्वभावतःच उदार असते असे मानण्यास आधार नाही. रुग्णालय हवे पण शेजारी नको, कचरा उचलला जावा पण त्याचे केंद्र दुसऱ्या प्रभागात असावे, गरिबांची घरे व्हावीत पण आमच्या मैदानापासून दूर, ही मतेही स्थानिकच असतात. संपूर्ण नगराच्या वतीने बोलणारा कोणी हवाच, आणि नियोजन प्राधिकरणाच्या समर्थकांचा हा आक्षेप वजनदार आहे.

परंतु या आक्षेपावरून वस्तीस बोलू देऊ नये असा निष्कर्ष काढणे तर्कदुष्ट आहे. त्यावरून इतकेच निघते, की वस्तीने जे सांगावयाचे ते उघड सभेत, ठरावाच्या रूपाने, कारणे देऊन सांगावे, आणि प्राधिकरणाने ते नाकारावयाचे असेल तर तेही कारणे देऊन नाकारावे. आजच्या पद्धतीत या दोन्ही गोष्टी नाहीत. प्रत्येक हरकतीस सकारण लेखी उत्तर देण्याचे बंधन १९६६ च्या कायद्याने स्पष्ट शब्दांत घातलेले नाही. स्कॉटलंडच्या व्यवस्थेतील घेण्याजोगी गोष्ट म्हणजे परिषदेचा अधिकार नव्हे, कारण तो थोडाच आहे. घेण्याजोगी गोष्ट म्हणजे तिचा आकार आणि तिचे वेळापत्रकातील स्थान. काही हजारांची वस्ती, आणि योजना आखण्यापूर्वीचे निमंत्रण. महाराष्ट्रात क्षेत्र सभेची तरतूद यासाठी नव्याने करावयाचीही गरज नाही. ती अस्तित्वात आहे. विद्यमान भूवापराचा नकाशा क्षेत्र सभेपुढे ठेवल्याशिवाय अंतिम समजू नये, एवढा एक बदल नगररचना अधिनियमात झाला असता तर २०१५ च्या हरकतींपैकी मोठा भाग उद्भवलाच नसता.

विकास योजना वीस वर्षांतून एकदा होते. तिच्यात फेरबदल मात्र सतत चालू असतात. कलम ३७ अन्वये किरकोळ फेरबदलाचा प्रस्ताव आला, की राजपत्रात व वर्तमानपत्रांत नोटीस निघते आणि फेरबदलाने बाधित होणाऱ्या व्यक्तींनाही ती बजावावयाची असते. बाधित कोण, याचे उत्तर व्यवहारात भूखंडाच्या नोंदींतून शोधले जाते. पुढे जोडलेल्या पोटकलमांनी शासनास असा फेरबदल स्वतःहूनही करता येतो. मार्च २०२२ मध्ये मुंबई व पुणे येथील महानगरपालिकांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ दोन्ही शहरांचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. या काळात नगरसेवक नव्हते, म्हणून प्रभाग समित्याही नव्हत्या. नगररचनेची प्रक्रिया मात्र त्यामुळे अडली नाही, कारण तिला त्या समित्यांची गरज मुळातच कधी नव्हती.

कलम १२७ पाहिले म्हणजे हे सारे प्रकरण सर्वांत स्पष्टपणे दिसते. योजनेत मैदान, शाळा वा उद्यान यांसाठी आरक्षित केलेली जमीन दहा वर्षांत संपादन केली गेली नाही, तर तिचा मालक किंवा तिच्यात हितसंबंध असलेली व्यक्ती प्राधिकरणास नोटीस देऊ शकते. त्यानंतर ठराविक मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. मालकावर अन्याय होऊ नये म्हणून ही तरतूद आहे आणि ती रास्तही आहे. परंतु ज्यांच्यासाठी ते मैदान आरक्षित होते, त्या वस्तीस संपादनाची मागणी करणारी नोटीस देण्याचा हक्क याच कायद्यात शोधला तर तो कोठेही सापडत नाही. तिला फार तर जनहित याचिका घेऊन न्यायालयात जाता येते. मैदान आपल्या हातून जात आहे हे वस्तीस पुष्कळदा कळते ते पत्र्याचे कुंपण पडल्यावर, आणि तोवर हरकतींची मुदत संपून कित्येक वर्षे झालेली असतात.